वडाची साल पिंपळाला

हॅस्केलमधला कोड ओकॅमलमध्ये न्यायचा म्हणजे नुसती लिहिण्याची पद्धत बदलायची, असं जो छातीठोकपणे सांगतो त्याला या दोनपैकी किमान एक भाषा येत नसते. पुष्कळदा दोन्ही येत नसतात. तरी मीटिंगमध्ये त्याचाच आवाज चढा असतो, अंदाजपत्रक तोच बनवतो, आणि किती आठवडे लागतील हे ओळी मोजून ठरवतो. "दोन्ही फंक्शनलच आहेत ना?" हे त्याचं ब्रह्मवाक्य. ते मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता चीड येते, आणि ती लपवायचं मला काही कारण दिसत नाही. या एका वाक्यापायी चांगले चालणारे प्रोग्रॅम मोडलेत, लोकांच्या पैशांचे हिशोब चुकलेत, आणि शिकायला आलेल्या पोरांची डोकी फिरलीत.

वरवर पाहिलं तर दोघी सख्ख्या वाटतात, हे मान्य. दोघींवर रॉबिन मिल्नर यांच्या एमएलचा हात आहे. १९७० च्या दशकात एडिंबरात, गणिती सिद्धता तपासणाऱ्या एलसीएफ नावाच्या प्रणालीसाठी त्यांनी ती भाषा घडवली. टाइप आपण न लिहिता कंपाइलरने स्वतः ओळखायचा, ही करामत दोघींकडे तिथूनच आली. पॅटर्न मॅचिंग दोघींत आहे, फंक्शनच्या हाती फंक्शन दोघींत देता येतं. पुढे वाटा फुटल्या. फ्रान्समध्ये इन्रिया या सरकारी संशोधन संस्थेत कॅमल वाढली, १९९६ मध्ये ती ऑब्जेक्टिव्ह कॅमल झाली आणि २०११ मध्ये तिचं अधिकृत नाव ओकॅमल झालं. हॅस्केलची गोष्ट निराळी. १९८७ मध्ये पोर्टलंडच्या परिषदेत काही संशोधक एकत्र आले. लेझी पद्धतीच्या भाषा तेव्हा जो तो आपापली वेगळी चालवत होता, त्याऐवजी सगळ्यांची मिळून एक भाषा करू, असं त्यांनी ठरवलं. १९९० मध्ये तिची पहिली व्याख्या आली.

सगळ्याच्या मुळाशी हे 'लेझी' प्रकरण आहे, आणि नेमकं तेच मीटिंगमध्ये कुणी उच्चारत नाही. हॅस्केलमध्ये एखादी गोष्ट लिहिली म्हणून ती मोजली जात नाही. तिची गरज पडेल तेव्हा मोजली जाते, आणि पडलीच नाही तर कधीच मोजली जात नाही. ओकॅमल समोर आलेलं तिथल्या तिथे मोजून मोकळी होते. हा आवडीनिवडीचा फरक नव्हे. कुठली ओळ कधी चालेल हे आधी सांगता येत नसेल, तर मधेच स्क्रीनवर छापणं, फाइल उघडणं, साठवलेली किंमत बदलणं या गोष्टी मोकाट सोडता येत नाहीत. त्या टाइपमध्ये नोंदवाव्या लागतात. हॅस्केलचा आयओ आला तो या निकडीतून. लेझीपणाचा मोठा फायदा म्हणजे त्याने आम्हाला शुद्ध राहायला भाग पाडलं, असं हॅस्केल घडवणाऱ्यांपैकी सायमन पेटन जोन्स यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. ओकॅमलवर ही सक्ती कधी आलीच नाही, म्हणून तिथे कुठल्याही फंक्शनच्या पोटात छापता येतं आणि टाइपला त्याचा पत्ता नसतो. एवढी दरी 'सिंटॅक्सचा फरक' म्हणून झाकणारा माणूस एकतर अडाणी आहे किंवा लबाड.

ही दरी डोळ्यांनी बघायची असेल तर चार ओळींचा कोड पुरतो. हॅस्केलमध्ये फंक्शनच्या तळाशी 'व्हेअर' लिहून मदतीच्या व्याख्या देतात. समजा पूर्णांकांत सरासरी काढायची आहे. वर लिहिलं: संख्या शून्य असेल तर उत्तर शून्य, नाहीतर सरासरी. खाली 'व्हेअर'मध्ये लिहिलं: सरासरी म्हणजे बेरीज भागिले संख्या. लिस्ट रिकामी आली तर त्या भागाकाराच्या वाटेला कुणी जातच नाही, कारण त्याची गरज पडत नाही. आता हाच कोड ओळीस ओळ लावून ओकॅमलमध्ये उतरवा. तिथे 'व्हेअर' नाही, म्हणून तळाची व्याख्या 'लेट' होऊन वर जाते. वर गेली की सगळ्यात आधी तीच मोजली जाते. रिकामी लिस्ट आली की प्रोग्रॅम शून्याने भागायला जातो आणि तिथेच पडतो. शून्याची काळजी घेणारी ओळ खाली जशीच्या तशी उभी आहे, पण तिच्यापर्यंत कुणी पोचत नाही. कंपाइलर चकार शब्द काढत नाही. काढेल कसा? टाइप तर सगळे बरोबर आहेत.

कंपाइल झालं म्हणजे झालं, ही या दोन्ही भाषांच्या भक्तांनी पोसलेली अंधश्रद्धा आहे. एका भाषेत विचार करून लिहिलेल्या नव्या कोडबाबत तिच्यात बरंच तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. या भाषांचे टाइप खरोखर कामाचे आहेत आणि त्यासाठीच मी त्यांच्यात रमलो. पण दुसऱ्या भाषेतून उचलून आणलेल्या कोडबाबत हा विश्वास घातक ठरतो. मूळ लेखकाने ज्या गोष्टी गृहीत धरल्या होत्या त्या त्याने टाइपमध्ये लिहिलेल्याच नव्हत्या. त्या भाषेच्या वागण्यात होत्या. भाषा बदलली, गृहीतकं मागे राहिली, आणि टाइप तेवढे जुळले.

असा उतरवलेला कोड तपासायला माझ्याकडे येतो. त्यातलं एक काम सांगतो, कारण असल्या कामांत जे जे बिघडतं ते जवळपास सगळं त्यात होतं. एका वित्तसंस्थेचे जुने हिशोब हॅस्केलमध्ये होते. ते ओकॅमलमध्ये आणण्याचं कंत्राट एका सेवा कंपनीने घेतलं, आणि तिने ते आधी एका यंत्राला खाऊ घातलं, मग नवख्या मुलांकडून कंपाइल होईपर्यंत ठोकून घेतलं. त्यात तारखेवरून वार काढणारं एक छोटं फंक्शन होतं. दिवस १ जानेवारी १९७० पासून मोजलेले. तो गुरुवार, म्हणून गुरुवारला शून्य. दिवसांच्या संख्येला सातने भागून बाकी घ्यायची, शून्य ते पाच यांना एकेक वार द्यायचा, आणि उरलेलं काहीही आलं तर बुधवार. हॅस्केलमध्ये हे निर्दोष होतं. १९७० च्या आधीची तारीख असली की संख्या ऋण होते, पण हॅस्केलचं 'मॉड' ऋण संख्येलाही शून्य ते सहामधलीच बाकी देतं. ओकॅमलमध्येही 'मॉड' आहे. स्पेलिंग तेच, टाइप तोच. फक्त भाज्य ऋण असेल तर बाकीही ऋण येते. त्यामुळे १९७० च्या आधीच्या ज्या ज्या तारखेची बाकी शून्य नव्हती, ती थेट 'उरलेलं काहीही'मध्ये जाऊन पडली. १५ ऑगस्ट १९४७ चा शुक्रवार या प्रोग्रॅमने बुधवार करून टाकला. सत्तरच्या आधीचा सगळा इतिहास बुधवार आणि गुरुवार या दोनच वारांत घडला, असं त्याचं म्हणणं होतं.

तारखा वाचणाऱ्या भागात याहून वाईट प्रकार होता. हॅस्केलमध्ये दिवस वाचणारा पार्सर आणि महिना वाचणारा पार्सर एकापुढे एक जोडलेले होते. तो क्रम जोडणीतच ठरलेला असतो, आधी डावा, मग उजवा. ओकॅमलमध्ये त्याचं साधं फंक्शन-कॉल केलं: तारीख बनव, पहिला आर्ग्युमेंट दिवस वाचून आण, दुसरा महिना वाचून आण. आर्ग्युमेंट कुठल्या क्रमाने मोजायचे हे ओकॅमलने मुद्दाम ठरवून दिलेलं नाही, आणि प्रत्यक्षात तिचा कंपाइलर साधारणपणे उजवीकडून सुरुवात करतो. म्हणजे फाइलमधला पहिला आकडा महिन्यात गेला आणि दुसरा दिवसात. ३ एप्रिलचा हप्ता ४ मार्चला लागला. दोन्ही तारखा कॅलेंडरमध्ये असतात, म्हणून कुठली तपासणी अडवणार? महिना तेरावा आला तेव्हा कुठे गाडी थांबली. मग त्या मुलांनी काय केलं, तर महिना बारापेक्षा मोठा असेल तर दोन्हींची अदलाबदल करायची, अशी एक ओळ घुसवली. मूळ दुखणं न बघता वरून मारलेलं ते ठिगळ बघून मला त्या मुलांची कीव आली आणि त्यांच्या वरिष्ठांचा संताप आला. पोरांना कुणी सांगितलंच नव्हतं की इथे विचारण्यासारखा प्रश्न आहे.

टेस्ट? होत्या की. त्याही त्याच यंत्राने, त्याच समजुतीने उतरवलेल्या. जिथे उत्तर जुळेना तिथे अपेक्षित उत्तर बदललेलं. यातला निर्लज्जपणा असा, की ही चूक पकडायचं हत्यार याच घराण्यात जन्मलंय. कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० मध्ये हॅस्केलसाठी क्विकचेक मांडलं: उदाहरणं हाताने लिहू नका, नियम लिहा, आणि यंत्राला शेकडो वेड्यावाकड्या किंमती टाकून तो मोडायला लावा. ओकॅमलमध्ये त्याच वळणाची क्यूचेक आहे. जुना प्रोग्रॅम चालू होता, नवा तयार होता. दोघांना एकच आकडे द्यायचे आणि उत्तरं ताडून पाहायची, एवढंच करायचं होतं. त्यात ऋण संख्या आपोआप आल्या असत्या, रिकाम्या लिस्ट आल्या असत्या, आणि चुका पहिल्या दिवशीच उघड्या पडल्या असत्या. ते केलं नाही, कारण त्या कामाची ओळ बिलात धरलेली नव्हती.

अक्षरांचं तर विचारूच नका. 'मराठी' हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला त्यात तीन अक्षरं दिसतात. हॅस्केलच्या स्ट्रिंगला त्यात पाच घटक दिसतात, कारण काना आणि वेलांटी तिथे स्वतंत्र मोजली जातात. ओकॅमलची स्ट्रिंग म्हणजे बाइटची रांग. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात, म्हणून तिथे उत्तर पंधरा. ग्राहकाच्या नावातले पहिले वीस घटक घ्या, हे फंक्शन जसंच्या तसं उतरवलं की ओकॅमल विसाव्या बाइटवर सुरी फिरवते. सहा घटक पुरे होतात आणि सातव्याचे दोन तृतीयांश तुकडे उरतात, जे कुठलंच अक्षर नाही. इंग्रजी नावांवर टेस्ट केली तर हे कधीच दिसत नाही. ज्या राज्यातल्या गिऱ्हाइकांची नावं देवनागरीत साठवलेली आहेत, त्या राज्यात बसून काम करणाऱ्यांनी फक्त इंग्रजी नावांवर टेस्ट करावी, याला माझ्याकडे सभ्य शब्द नाही.

इथवर चुकीची उत्तरं झाली. उत्तर बरोबर येतं आणि तरी कोड मेलेला असतो, अशीही एक जात आहे. ख्रिस ओकासाकी यांनी १९९६ मध्ये कार्नेगी मेलनला दिलेला प्रबंध १९९८ मध्ये पुस्तक होऊन आला: जुनी किंमत कधीच न बदलता चांगल्या डेटा स्ट्रक्चर कशा रचायच्या, याचं ते पुस्तक. या विषयावर दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, ते वाचा. त्यातला मुख्य कोड स्टँडर्ड एमएलमध्ये आहे, म्हणजे लगेच मोजणाऱ्या भाषेत. पण 'हे आत्ता मोजू नको' असं सांगणारी खूण ओकासाकींनी त्या भाषेला स्वतः जोडून घेतली, आणि पुस्तकाच्या शेवटी हॅस्केलमधला कोडही दिला. कशासाठी हा खटाटोप? कारण कुठे मोजायचं आणि कुठे थांबायचं, यावरच त्यांचा सगळा हिशोब उभा आहे.

त्यातली रांग बघा. रांगेची पुढची बाजू एका लिस्टमध्ये, मागची बाजू उलट्या क्रमाने दुसरीत. मागची लिस्ट पुढचीपेक्षा लांब झाली की ती सुलटी करून पुढचीला जोडायची. सुलटी करायला लिस्टच्या लांबीइतका खर्च येतो, पण तो क्वचित येतो, आणि मधल्या स्वस्त कामांवर वाटून टाकला की प्रत्येक कामामागे नगण्य ठरतो. आता मेख इथे आहे. या भाषांत जुनी रांग नष्ट होत नाही. ती जपून ठेवून पुन्हा वापरता येते. सुलटं करण्याची वेळ येण्याच्या अगदी आधीची रांग हातात धरा आणि तिच्यातच पुन्हा पुन्हा नवा माणूस उभा करा. लगेच मोजणारी भाषा प्रत्येक खेपेला पूर्ण खर्च भरते. वाटून टाकायला मधे स्वस्त कामं उरलेलीच नसतात, त्यामुळे हिशोब कोसळतो. लेझी रांगेत सुलटं करण्याचं काम नुसतं नोंदवून ठेवलं जातं. ते प्रत्यक्ष करायची वेळ येईपर्यंत पुढची अख्खी लिस्ट संपवावी लागते, म्हणजे तेवढी स्वस्त कामं करावीच लागतात, आणि एकदा केलेलं उत्तर त्या रांगेचे सगळे वापरकर्ते वाटून घेतात. म्हणून हिशोब टिकतो.

हॅस्केलमधली ही रांग ओकॅमलच्या साध्या लिस्टवर उतरवली की दिसायला तीच राहते. टेस्ट हिरव्या. उत्तरं तंतोतंत. आणि ज्या गुणासाठी ओकासाकींनी ती रचली होती, तो गुण गेला. ओकॅमलमध्ये 'लेझी' हा शब्द आहे, मोजायला लावणारं 'फोर्स' आहे. कुठे लावायचं ते कळलं तर ही रांग तिथे अगदी नीट बांधता येते. पण ते कळायला रचना समजावी लागते, आणि ओळीस ओळ लावणाऱ्याला रचना समजून घ्यायचे पैसे कुणी देत नाही. मग काही जण दुसऱ्या टोकाला जातात. धोका नको म्हणून दिसेल त्या प्रत्येक गोष्टीला 'लेझी' लावतात. हॅस्केलच्या कंपाइलरमध्ये दशकांची मेहनत कशात गेली आहे, तर जिथे थांबण्याची गरज नाही ते ओळखून तिथलं थांबणं काढून टाकण्यात. ती मदत ओकॅमलकडे नाही, कारण तिला लागतच नव्हती. तेव्हा या सरसकट लेपाने कोड मंद होतो, वाचवत नाही, आणि वर ओकॅमललाच नावं ठेवली जातात.

उलट्या दिशेने जाणारेही मागे नाहीत. ओकॅमलमध्ये लिस्टची बेरीज डावीकडून करत जाणं हा रोजचा आणि योग्य मार्ग. तोच हॅस्केलमध्ये 'फोल्ड एल'ने लिहिला की बेरजा न मोजता नुसत्या रचल्या जातात आणि मेमरी भरत जाते. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर हॅस्केलचा कंपाइलर जीएचसी पुष्कळदा वाचवतो, नाहीतर नाही. त्याचा लगेच मोजणारा भाऊ शेजारीच आहे, तो वापरायचा असतो. आणि ओकॅमलमध्ये पोटात कुठेतरी वाढवलेला एखादा मोजणीचा आकडा हॅस्केलमध्ये आणताना आयओ सगळ्या टाइपांत पसरायला लागला, की लोक कंटाळून 'अनसेफ परफॉर्म आयओ' वापरतात. नावात धोक्याची पाटी असलेलं फंक्शन वापरून, दर वेळी वाढायचा आकडा एकदाच वाढला की यांना आश्चर्य वाटतं.

आता तुलना करणाऱ्यांकडे वळतो. कारण कोड उतरवणारा निदान काहीतरी काम करतो. तुलना करणारा दोन तुकडे शेजारी ठेवतो, ओळी मोजतो, घड्याळ लावतो आणि निकाल देऊन मोकळा होतो. त्याचं लाडकं उदाहरण म्हणजे एरॅटोस्थेनिसची चाळणी. हॅस्केलमध्ये मूळ संख्यांची अनंत यादी दोन ओळींत, ओकॅमलमध्ये ॲरे घेऊन पंधरा-वीस ओळी. मग एक म्हणतो हॅस्केल किती सुंदर, दुसरा म्हणतो ओकॅमल किती वेगवान. दोघंही खोटं बोलतात. त्या दोन ओळी म्हणजे ती चाळणीच नव्हे, हे मेलिसा ओ'नील यांनी २००९ मध्ये लेख लिहून पुराव्यानिशी दाखवलंय. खरी चाळणी १७ पाशी आली की २८९ वर जाते, मग ३०६, मग ३२३, अशी सतरा-सतराच्या उड्या मारत खुणा करते. मधल्या संख्यांकडे बघतसुद्धा नाही. त्या दोन ओळी तोवर टिकलेल्या प्रत्येक संख्येला थांबवून विचारतात, तुला १७ ने भाग जातो का? दोन निराळ्या रीतींची तुलना करायची आणि तिला दोन भाषांची तुलना म्हणायचं. क्विकसॉर्टच्या दोन ओळी घेऊनही हाच तमाशा चालतो. टोनी होअर यांचं क्विकसॉर्ट ॲरेच्या जागेवरच अदलाबदल करतं, हे नव्या लिस्ट बनवत सुटतं. हे वर्गात शिकवलं जातं, मुलाखतीत विचारलं जातं, आणि ओ'नील यांचा लेख येऊन इतकी वर्षं झाल्यावरही मास्तर मंडळी त्या दोन ओळी फळ्यावर लिहून टाळ्या घेतात. ही अप्रामाणिक शिकवण आहे.

खरी तुलना कुठे आहे, तर कोड न्यायला गेलं की जिथे तो पाय रोवून उभा राहतो तिथे. टाइप क्लास घ्या. फिलिप वॉडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी १९८९ मध्ये ती कल्पना मांडली आणि हॅस्केलने ती उचलली. एका टाइपची तुलना कशी करायची हे एकदा सांगायचं, पुढे कंपाइलर ते स्वतः शोधतो. त्यामागे एक करार आहे: एका टाइपला अख्ख्या प्रोग्रॅममध्ये एकच क्रम. म्हणून दोन मॅप बिनधास्त एकत्र करता येतात. दोन्ही एकाच क्रमाने रचलेले असणार. ओकॅमल हा करार करत नाही. तिथे स्ट्रिंगचा एक क्रम लहान-मोठी अक्षरं मानणारा आणि दुसरा न मानणारा, दोन्ही सुखाने नांदतात. क्रमासकट मॉड्यूल द्यायचं, त्यातून संचाचं नवं मॉड्यूल मिळतं, आणि वेगळ्या क्रमाच्या संचाचा टाइपच वेगळा असतो. मिसळायला गेलात तर कंपाइलर हात धरतो. एकाच संकटावर दोन उलटी उत्तरं, दोन्ही भक्कम. कुठलं कुठे बरं, यावर तासन्‌तास बोलावं इतका हा विषय श्रीमंत आहे, आणि कुणीही बोलत नाही.

बोलण्याऐवजी उतरवणारे काय करतात? टाइप क्लासचं एक रेकॉर्ड बनवतात, त्यात तुलनेची फंक्शनं कोंबतात आणि ते रेकॉर्ड आर्ग्युमेंट म्हणून घरोघर फिरवतात. झालं, दोन्हीकडचा आधार सुटला. एकच क्रम असल्याची हॅस्केलची हमी गेली, आणि वेगळ्या क्रमाला वेगळा टाइप ही ओकॅमलची हमी घेतलीच नाही. मग मॅप एका क्रमाने भरला जातो आणि दुसऱ्याने शोधला जातो. किल्ली आत आहे, सापडत मात्र नाही. समानतेचं तेच. हॅस्केलमध्ये दोन संच सारखे आहेत का विचारलं की त्यांतले घटक ताडले जातात. ओकॅमलचं साधं = संचाच्या पोटातली झाडाची मांडणी ताडतं. एकात आधी १ मग २ घातले, दुसऱ्यात आधी २ मग १, तर झाडं निराळी होतात आणि उत्तर येतं, सारखे नाहीत. संचाची स्वतःची समानता मॉड्यूलमध्ये दिलेली आहे. ती वापरायची असते. आणि हॅस्केलचं == जसंच्या तसं ठेवलं तर ओकॅमल त्याने मेमरीतली जागा एकच आहे का ते बघते. हेही निमूट कंपाइल होतं.

हे काम हलक्या हाताने होत नाही, हे भाषा घडवणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधन विभागात डॉट नेटसाठी आधी हॅस्केल आणायचा विचार झाला होता. तो बाजूला ठेवून डॉन साइम यांनी ओकॅमलचा गाभा घेतला आणि एफ शार्प घडवली. तो गाभा घेतानाही मॉड्यूलपासून मॉड्यूल बनवणारी यंत्रणा त्यांनी सोडून दिली. जे खाली नीट बसणार नाही ते सोडायचं आणि सोडलं म्हणून उघड सांगायचं, हा प्रामाणिकपणा. आमच्याकडे सगळं आणलं म्हणून सांगतात आणि वडाची साल पिंपळाला चिकटवून बिल लावतात.

आपल्याकडे याची माहिती कुणाला असणार, ही पळवाटही मी चालू देणार नाही. प्रोग्रॅमिंग भाषांच्या सिद्धांतावरची जगातली अग्रगण्य परिषद, पॉपल, जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरली होती. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ओकॅमल ५ ने एकाच वेळी अनेक प्रोसेसर वापरायची सोय केली आणि इफेक्ट हाताळायची नवी रीत आणली. त्या कामात आयआयटी मद्रासचे के. सी. शिवरामकृष्णन अगदी पुढे होते. ज्ञान दाराशी आहे. त्या आवृत्तीनंतर जुन्या तुलनांमधली बरीच वाक्यंही शिळी झाली. ओकॅमल एका वेळी एकच प्रोसेसर वापरते, हे वाक्य अजून प्रेझेंटेशनमध्ये टाकणाऱ्याने गेल्या काही वर्षांत काही वाचलेलं नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

तेव्हा असं काम करून घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे. उतरवलेल्या ओळींची संख्या विचारू नका. मूळ कोड जिथे जिथे अडला, तिथली नोंद मागा: कुठे लेझीपणावर भिस्त होती, कुठे क्रमावर, कुठे पूर्णांकाच्या भागाकारावर, कुठे एकाच क्रमाच्या करारावर, आणि प्रत्येक जागी काय निर्णय घेतला आणि का. जुना आणि नवा प्रोग्रॅम शेजारी चालवून ताडून पाहिल्याचा पुरावा मागा. त्यात ऋण आकडे हवेत, रिकाम्या लिस्ट हव्यात, देवनागरी नावं हवीत. ही नोंद कोरी आली आणि 'काहीच अडलं नाही, दोन्ही फंक्शनलच होत्या' असं उत्तर मिळालं, तर बिल मंजूर करू नका. जुना प्रोग्रॅम बंद करू नका.